तोच आमदार परत आला तेव्हा: नागपूरकरांनो, आपले अनुभव सांगा

आज, १५ डिसेंबर २०२४ ला, राजभवनात ३९ मंत्र्यांचा शपथविधी झाला. १९९१ नंतर पहिल्यांदाच मंत्री नागपुरात शपथ घेताना दिसले. उद्यापासून हिवाळी अधिवेशन. विधानसभेचा निकाल लागून तीन आठवडे झाले तरी जिथे बसावं तिथे राज्याच्याच आकड्यांची चर्चा आहे, म्हणून हा धागा मुद्दाम आपल्या शहरापुरता काढतो आहे.

२०२४ मध्ये शहरातल्या सहापैकी पाच मतदारसंघांत होते तेच आमदार परत आले. दक्षिण-पश्चिमला देवेंद्र फडणवीस, पूर्वला कृष्णा खोपडे, दक्षिणला मोहन मते, हे भाजपचे. पश्चिमला विकास ठाकरे आणि उत्तरला नितीन राऊत, हे काँग्रेसचे. आमदार बदलला तो फक्त मध्य नागपुरात, तिथे प्रवीण दटके आले. राज्यात महायुतीची एवढी मोठी लाट असताना आपल्याकडे दोन्ही बाजूंचे बसलेले आमदार टिकले, याचा विचार व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

मी प्रतापनगरचा. २००९ मध्ये दक्षिण-पश्चिम मतदारसंघ नवा झाला, तेव्हापासून चारही वेळा मत दिलं. फडणवीस त्याआधी १९९९ आणि २००४ ला जुन्या पश्चिम मतदारसंघातून निवडून आले होते, म्हणजे ही त्यांची सहावी टर्म. २०१४ ला त्यांच्यासमोर प्रफुल्ल गुडधे होते, यंदाही तेच. तेव्हा फरक ५९ हजारांच्या जवळ होता, २०१९ ला ४९ हजारांवर, यंदा ३९,७१०. माणूस मुख्यमंत्री झाला याचा आमच्या गल्लीला आनंद आहेच, मलाही आहे. पण दर वेळी दहा-दहा हजारांनी उतरलेला हा आकडाही आमच्याच गल्ल्यांनी लिहिला आहे.

नवा माणूस आला की सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. तोच परत आला तर जुनं खातं पुढच्या पानावर ओढता येतं. तुमच्या खात्यावर काय बाकी आहे? त्या दिवशी काय पाहिलं? मत कोणाला दिलं ते सांगू नका, बाकी सगळं सांगा.

शिक्षिका, खामला

माझी ड्यूटी होती, मतदान अधिकारी क्रमांक एक. १९ नोव्हेंबरला सकाळी साहित्य घ्यायला रांग, यादीप्रमाणे एकेक पाकीट मोजून घ्यायचं, मग बसने केंद्रावर. रात्री शाळेच्याच वर्गात दोन बाक जोडून झोपलो. थंडी चांगलीच होती, आणि खिडकीला एक काच नव्हती. केंद्राध्यक्ष सर चार वाजताच उठून बसले.

साडेपाचला मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान. निदान पन्नास मतं टाकायची, सगळ्या उमेदवारांना आणि नोटालासुद्धा. मग निकाल काढून पक्षांच्या प्रतिनिधींसमोर जुळवायचा आणि यंत्र कोरं करायचं. व्हीव्हीपॅटमधल्या, म्हणजे मत कोणाला गेलं ते चिठ्ठीवर दाखवणाऱ्या यंत्रातल्या, त्या चिठ्ठ्या काढून, शिक्का मारून, काळ्या पाकिटात बंद करायच्या. त्या पहाटे दोन्ही मोठ्या पक्षांची पोरं प्रतिनिधी म्हणून एकाच बाकावर बसली होती. एकाने थर्मासमधला चहा दुसऱ्याला झाकणात ओतून दिला. दिवसभर दोघं एकमेकांच्या यादीवर रेघा मारायला मदत करत होते. बाहेर त्यांचेच नेते एकमेकांना काय काय बोलत होते, ते आपण सगळ्यांनी ऐकलंच आहे.

सहा वाजता रांगेत जे उभे होते त्यांना चिठ्ठ्या वाटल्या, शेवटच्या माणसापासून सुरुवात करून. शेवटचा मुलगा कुरिअरवाला होता, अंगावर कंपनीचं जॅकेट, हेल्मेट हातात. म्हणाला, "मॅडम, आज सुट्टी नव्हती भेटली, म्हणून पळत आलो." त्याचं मत झाल्यावर सरांनी क्लोजचं बटण दाबलं. नमुना १७-क वर एकूण आकडा लिहून प्रतिनिधींना प्रती दिल्या. साहित्य जमा करून घरी पोचायला रात्रीचे दोन वाजले.

आमच्या केंद्रावर किती मतं पडली तो आकडा मला अजून पाठ आहे. ती कोणाला पडली हे मला माहीत नाही, आणि जाणून घ्यावंसंही वाटत नाही. माझं स्वतःचं मत टपाली होतं, ड्यूटीच्या आधीच दिलेलं.

मुलगा, वय ५२

बाबा ८१ वर्षांचे. १९ एप्रिलला लोकसभेच्या वेळी भर उन्हात त्यांना केंद्रावर नेलं, तर यादीत नावच नाही. माझं होतं, बायकोचं होतं, त्यांचं नाही. ओळखपत्र हातात घेऊन ते अर्धा तास भिंतीला टेकून उभे राहिले. पत्ता तोच, घर तेच, प्रत्येक निवडणुकीत मत दिलेला माणूस. घरी आल्यावर जेवले नाहीत. "मी आहे की नाही, हे आता कागद ठरवणार काय?" एवढंच बोलले.

चूक कोणाची, ते मला कोणीच सांगू शकलं नाही. शेवटी नमुना ६, म्हणजे नाव नोंदवायचा अर्ज, नव्याने भरला, विजेचं बिल जोडलं, मतदार यादीचं काम पाहणाऱ्या बीएलओ ताई घरी येऊन गेल्या. यादी आल्यावर बाबांनी स्वतः भिंग घेऊन नाव शोधलं. ८५ च्या वर असते तर घरूनच मत देता आलं असतं. तशी सोय असती तरी ते गेलेच असते म्हणा. २० नोव्हेंबरला सात वाजता आम्ही रांगेत दुसरे होतो. त्यांनी बटण दाबलं आणि काचेतली चिठ्ठी खाली पडेपर्यंत हलले नाहीत. मतदान अधिकाऱ्याला वाटलं त्यांना काही समजलं नाही. त्यांना ती सात सेकंदं पूर्ण पाहायची होती. पुढचे दोन दिवस आंघोळीत त्या बोटाला साबण लावू देत नव्हते.

आमचा आमदार परत आला. बाबांनी मत त्याच्या विरोधात दिलं होतं, हे त्यांनीच सगळ्यांना सांगितलं. पण निकालाच्या दिवशी ते नाराज नव्हते. एप्रिलमध्ये होते.

मतमोजणी प्रतिनिधी, पश्चिम

मी कोणत्या बाजूचा ते राहू द्या. आत मोबाईल नेता येत नाही. आठला टपाली मतं, मग यंत्रं. टेबलासमोर जाळी, जाळीच्या अलीकडे आम्ही कागद-पेन घेऊन. कंट्रोल युनिट आलं की आधी सीलचा नंबर, मग १७-क वरचा एकूण आकडा, ते जुळलं की रिझल्टचं बटण. एकेका उमेदवाराचा आकडा पडद्यावर येतो आणि आपण लिहीत जायचं. माझे हात घामेजले होते, कागद दोनदा बदलला.

बाहेर फटाके वाजले की आत कोणालाच कळत नाही ते कोणाचे. बाहेरच्यांना टीव्हीवर सगळं दिसतं आणि आत आकडे लिहिणारे आम्ही अंधारात. शेवटी फरक ५,८२४. केंद्रांवर वाटला तर एका केंद्रामागे पंधरा-वीस मतं, म्हणजे एका फ्लॅट स्कीममधली चार-पाच घरं. पूर्व नागपुरात फरक लाखाच्या वर गेला, तिथल्या लोकांना ही टांगणी कळायची नाही. मी प्रचारात ज्या घरांची बेल न वाजवता पुढे गेलो होतो, ती घरं मला त्या रात्री एकेक करून आठवली.

घरकाम करते, जयताळा (माझी मुलगी टाईप करून राहिली)

लाडकी बहीणचे पाच हप्ते आले, साडेसात हजार. लोक म्हणतात बायका पैशाले भुलल्या. मले हे आवडत नाही. त्या पैशातून मी पोरीची फी भरली. जन्मात पहिल्यांदा माझ्या नावाच्या खात्यात कोणी न मागता पैसे टाकले. मी मत दिलं ते इचार करून दिलं. आता एकवीसशे म्हणाले होते, ते द्या. मी लक्षात ठेवून आहे.

कळमन्याच्या धान्यबाजारात अडतीवर हिशेब लिहितो

ताई, तुमचं बरोबर आहे. माझी दुसरी बाजू सांगतो. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ आणि शेतकरी आमच्यासमोर चार हजारांच्या आसपास विकून जात होता. निवडणुकीच्या आठवड्यातही तेच. काटोलकडचा एक म्हातारा विक्रीची पट्टी घडी करून बंडीच्या खिशात ठेवताना म्हणाला, "पाहू बाप्पा." एवढंच. शहरात बसून आम्हाला वाटलं होतं हा राग मतपेटीत दिसेल. मला वाटला तसा दिसला नाही. मी चुकलो, हे कबूल करतो. पण भाव खोटा नव्हता.

अंबाझरी ले-आउट

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओसंडला आणि आमच्या खालच्या मजल्यावर पाणी शिरलं. फ्रिज तरंगत होता. सासूबाईंना शेजाऱ्यांनी खुर्चीसकट वर नेलं. पाणी ओसरल्यावर भिंतीवर गढूळ रेघ राहिली, माझ्या खांद्याइतक्या उंचीवर. घर रंगवलं तेव्हा तेवढी वीतभर जागा मी कोरी सोडायला लावली. प्रचारात जो कार्यकर्ता दारात आला, कुठल्याही पक्षाचा, त्याला आधी आत बोलावून ती रेघ दाखवली आणि मग पाणी विचारलं. धागाकर्त्यांनी खात्याचं लिहिलं आहे. माझं खातं ती रेघ आहे. नवा आमदार आला असता तर त्याला ती रात्र पहिल्यापासून सांगावी लागली असती, आता निदान तेवढं तरी नको. पावसाळ्याला सहा महिने आहेत.

अंगणवाडी सेविका

अधिवेशन आलं की आमचा मोर्चा ठरलेला. यशवंत स्टेडियमजवळ जमायचं, मॉरिस कॉलेजच्या चौकात अडवतात, तिथेच रस्त्यावर बसायचं. मी गेली अनेक वर्षं येते. आमच्या भागातले आमदार परत निवडून आले, त्यांना मी चेहऱ्याने ओळखते आणि माझं निवेदन त्यांच्याकडे आधीचं पडून आहे. या वेळी नवीन लिहिलं नाही. जुन्याचीच झेरॉक्स काढली, त्यावर आधीची पोच आहे.

शिक्षिका, खामला

ताई, मोर्चा कोणत्या दिवशी आहे? शाळा सुटल्यावर मी तिकडूनच जाते. किती जणी असाल ते सांगा, चहा घेऊन येते.

अंगणवाडी सेविका

बुधवारी. चाळीस तरी असू. साखर कमी घाला, आमच्यात शुगरवाल्या बऱ्याच आहेत.