कॅमलसाठी स्प्रिंग कशाला? रजिस्ट्री पुरे की!

निवांत: जरा काडी टाकतो. अपाची कॅमल म्हणजे वेगवेगळ्या प्रणाली जोडणारं जावा फ्रेमवर्क. त्यात रूट ते काय: फाइल उचला, तपासा, रांगेत टाका. तेवढ्यासाठी अख्खं स्प्रिंग बूट (ॲपचे भाग जोडून देणारं मोठं जावा फ्रेमवर्क) डोक्यावर घ्यायचं? कॅमलची स्वतःची रजिस्ट्री आहे, म्हणजे ऑब्जेक्ट नावाने ठेवायची जागा. सुरुवातीला ऑब्जेक्ट नावानिशी बाइंड करा, रूटमध्ये त्याच नावाने बोलवा. झालं डिपेन्डन्सी इंजेक्शन, म्हणजे क्लासला लागणाऱ्या वस्तू बाहेरून पुरवणं.

खडूस_आर्किटेक्ट: नाही झालं. नावाने हाक मारून वस्तू मागवणं म्हणजे सर्व्हिस लोकेटर. सॉफ्टवेअर रचनेवर लिहिणाऱ्या मार्टिन फाउलरने २००४ मध्येच हा फरक मांडलाय. ऑर्डर तपासणाऱ्या 'ऑर्डरव्हॅलिडेटर'च्या नावातलं एक अक्षर खाल्लंत तर कंपायलर चकार शब्द काढणार नाही. चालवताना नोसचबीनएक्सेप्शन ('असा बीन, म्हणजे रजिस्ट्रीतला ऑब्जेक्ट, नाही') दिसेल तेव्हा कळेल. रूटबिल्डरच्या, म्हणजे रूट लिहायच्या क्लासच्या, कन्स्ट्रक्टरमध्ये व्हॅलिडेटर मागा. क्लास बघताक्षणी कळतं त्याला काय काय लागतं, आणि टेस्टमध्ये खोटा व्हॅलिडेटर हातात देता येतो.

निवांत: खोटा व्हॅलिडेटर मीही टेस्टमध्ये त्याच नावाने बाइंड करतो, दोन ओळींचं काम. आणि कन्स्ट्रक्टरमधून घेतलेला बीन रूटमध्ये वापरताना मेथडचं नाव तुम्ही स्ट्रिंगमध्येच देता ना? मग तिथे कंपायलर झोपलेला चालतो?

खडूस_आर्किटेक्ट: मुद्दा बिनतोड. म्हणूनच मी तिथे प्रोसेसर लॅम्डा, म्हणजे मेथड थेट बोलावणारं छोटं निनावी फंक्शन, लिहितो. थोडं लांबतं, पण चालतं.

रात्रपाळी: तुमचं चालू द्या, माझा राग ऑटोवायरिंगवर, म्हणजे कॅमलच्या आपोआप जोडणीवर आहे. जेएमएस कंपोनंटला (रांगेत निरोप टाकणारा भाग) कनेक्शन फॅक्टरी, म्हणजे ब्रोकरशी (निरोपांच्या रांगा सांभाळणारा सर्व्हर) जोडणी करून देणारा ऑब्जेक्ट, कुठेच दिली नव्हती, तरी सगळं सुरळीत. कारण रजिस्ट्रीत त्या टाइपचा एकच बीन असला की कॅमल तो आपणहून जोडतो. पुढे दुसऱ्या ब्रोकरसाठी सहकाऱ्याने आणखी एक फॅक्टरी टाकली. एकाच्या दोन झाल्यावर कॅमलने अंग काढून घेतलं. ज्या रूटला कोणी हात लावला नव्हता, तोच 'कनेक्शन फॅक्टरी द्या' म्हणत आडवा. अर्धी रात्र आम्ही त्याच रूटचा कोड चाळत बसलो!

निवांत: बघा! जादू नको म्हणतो ते यासाठीच.

खडूस_आर्किटेक्ट: अहो, पण ही जादू तुमच्या लाडक्या रजिस्ट्रीचीच! तिथे स्प्रिंग नसतं तरी हेच झालं असतं.

रात्रपाळी: स्प्रिंग नव्हतंच. नुसतं कॅमल मेन (स्प्रिंगशिवाय कॅमल चालवायची सोय) होतं. आता ऑटोवायर्डएनेबल्ड फॉल्स करून ती आपोआप जोडणी बंद करून टाकलीय, फॅक्टरी हाताने देतो.