वर्कशॉपच्या शर्टांवर लोगो: भरायचा की छापायचा?

(मांजलपूर, वडोदरा. सोसायटीचा ग्रुप.)

सी-४०३: नमस्कार मंडळी. मकरपुरा जीआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपसाठी दसऱ्याआधी शर्ट शिवून घेतोय. तीसेक माणसं आहेत. खिशावर कंपनीचा लोगो एम्ब्रॉयडरीत हवाय. भाव विचारला तर एकजण शर्टामागे सांगतो, दुसरा म्हणतो टाके किती ते बघून सांगतो. कोणाचं खरं?

(लोगोचा फोटो)

बी-१०२ सेक्रेटरी: आधी पार्किंगचा विषय संपवूया का?

सी-४०३: तोवर माझी माणसं रिटायर होतील दादा 🙏

ए-२०१ काकू: टाके मोजणारा बरोबर बोलतोय. एम्ब्रॉयडरीचा भाव हजार टाक्यांमागे लावतात. छातीवरचा तीन-साडेतीन इंची लोगो साधारण पाच ते दहा हजार टाक्यांत बसतो. तुझ्या लोगोत मागचा निळा गोल पूर्ण भरलेला आहे, आकडा त्यानेच फुगणार. गोल काढून टाक आणि कापडच निळं घे. पैसे वाचतील, शिवाय छातीवर पुठ्ठा शिवल्यासारखं कडक होणार नाही.

ए-२०१ काकू: आणि खालची ती बारीक इंग्रजी ओळ काढच. अक्षर पाच मिलिमीटरच्या खाली गेलं की ए, ई, ओ यांची पोटं बुजतात. नेहमीचा धागा ४० नंबरचा. ६० नंबरचा त्याहून बारीक, त्याला सुईही बारीक लावतात. पण तुझी ओळ त्यातही बसायची नाही.

सी-४०३: बाबांनी ठेवलेली ओळ आहे काकू, काढली तर घरात महाभारत होईल.

ए-२०१ काकू: मग पाठीवर मोठी छापून घे. बाबा खूश, तूही खूश.

डी-३०४: छापायचंच आहे तर सगळंच छापा ना. आमच्या ऑफिसच्या टी-शर्टांवर डीटीएफ केलंय, म्हणजे फिल्मवर छापून ते गरम दाबून कापडावर चिकटवतात, रंगांच्या छटासुद्धा मस्त आल्यात.

ए-२०१ काकू: तुमचा टी-शर्ट एसीत बसतो रे. याचे शर्ट ऑइलने माखणार, सोडा घातलेल्या गरम पाण्यात भिजणार, वर ब्रश. अशा धुण्यात छपाई भेगाळते, कडा सुटतात. धागा टिकतो, पण पॉलिस्टरचा. रेयॉनची चमक जास्त म्हणून दुकानात तोच डोळ्यांत भरतो आणि ब्लीच लागलं की रंग उडतो. छटा मात्र छपाईतच खुलतात, तेवढं तुझं बरोबर.

ई-१०१ काका: भरतकामाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आपल्या बडोद्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांनी १८६५ च्या सुमारास मोत्यांनी भरलेला गालिचा करवून घेतला होता. २००९ मध्ये दोह्याला त्याचा लिलाव झाला.

सी-४०३: काका, आमचा धोबी मोती ठेवायचा नाही 😄

बी-३०२ ताई: आतून टोचत नाही का हो ते? आमच्या ह्यांना कंपनीचा टी-शर्ट मिळाला, लोगोभोवती सगळ्या चुण्या आणि आत खरखरीत कागद.

ए-२०१ काकू: तो कागद म्हणजे बॅकिंग. टी-शर्ट, पोलोसारख्या ताणणाऱ्या कापडाला कापायचं बॅकिंग लागतं, म्हणजे कडेचं जास्तीचं कापतात, बाकी भरतकामामागे कायम राहतं. तिथे फाडून काढायचं वापरलं की धुतल्यावर कापड गोळा होतं. ड्रिल-ट्विलच्या जाड शर्टाला फाडायचं चालतं. टोचत असेल तर आतून मऊ फ्यूजिंग इस्त्रीने चिकटवून घे.

एफ-२०२: वेल्डिंगवाल्यांचं वेगळं बघा हं. पॉलिस्टर साधारण २५० अंशांच्या पुढे वितळतं आणि कातडीला चिकटतं. त्यांना सिंथेटिक नकोच, कापडही नाही आणि धागाही नाही. आगरोधक कापड घेतलंत तर धागाही तसलाच मागा.

सी-४०३: दोघं आहेत वेल्डर. त्यांचे शर्ट बिनलोगोचे ठेवतो. रेनकोटवर पण भरून घेऊ का?

ए-२०१ काकू: सुईचं प्रत्येक भोक म्हणजे गळती. रेनकोटवर छाप.

ए-२०१ काकू: पंचिंगचे, म्हणजे डिझाइन मशीनच्या फाइलमध्ये बसवायचे पैसे एकदाच द्यायचे. मशीनची ती फाइल, म्हणजे डीएसटी फाइल, तुझ्याकडे येईल हे आधीच ठरव. नाहीतर पुढच्या वर्षी कारागीर बदललास की पुन्हा खर्च. टोप्या करणार असशील तर आत्ताच सांग. टोपीला मधून बाहेर आणि खालून वर भरत जातात, शर्टाची फाइल तिथे जशीच्या तशी चालत नाही. आणि सगळा माल टाकण्याआधी त्याच कापडावर एक नमुना भरून घे, तुमच्या नेहमीच्या धुण्यात दोन-चारदा काढ, मग ऑर्डर दे.

बी-१०२ सेक्रेटरी: काकू, गणपतीच्या स्वयंसेवकांचे टी-शर्ट यंदा तुम्हीच बघा.

ए-२०१ काकू: ते छापा. वर्षातून दहा दिवस घालायचे, त्यावर भरतकाम कशाला?

ए-२०१ काकू: अरे ४०३, लोगो खिशावर म्हणालास ना? शर्ट आधी शिवून घेतोयस की काय?

सी-४०३: हो, शिवून झाले की एम्ब्रॉयडरीवाल्याकडे टाकणार होतो. टेलर उद्या कापायला घेतोय. का?

ए-२०१ काकू: शिवलेल्या खिशावर मशीन चालवलं तर खिसा आणि शर्ट एकत्र शिवले जातात. पेन ठेवायला जागा उरत नाही. एक तर लोगो खिशावर न घेता त्याच्या वरच्या बाजूला शर्टावर घे, नाहीतर खिशाचे तुकडे आधी भरून मग शर्टाला लाव.

सी-४०३: बापरे. फोन करून टेलरला थांबवतो.

ए-२०१ काकू: थांबवू नकोस, कापू दे त्याला. खिसे तेवढे वेगळे बांधून तुझ्याकडे द्यायला सांग.