लॉबीतला गोठा 26 तारखेला काढू नका

सेक्रेटरी: नाताळचा गोठा लॉबीत मांडून झालाय. 26 ला सकाळी वॉचमन काढून ठेवेल. ज्यांनी सामान दिलंय त्यांनी घेऊन जावं.

बी-402: सजावट फार छान. पण बाळ येशूच नाहीये! हरवला का? माझ्याकडे लहानशी मूर्ती आहे, आणून ठेवू?

ए-301: नको काकू, हरवला नाही. माझ्या कपाटात आहे, रुमालात गुंडाळलेला. 24 च्या रात्री चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना झाली की मगच गव्हाणीत ठेवतात, तोवर ती रिकामीच हवी. त्याआधी चार रविवार वाट बघायची. दर रविवारी एक मेणबत्ती वाढते, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी. कलिन्याला आईकडे बाळ ठेवायचा मान घरातल्या सगळ्यात लहान मुलाचा. मी ठेवला तेव्हा पेंढा टोचेल म्हणून खाली माझा फ्रॉकचा पट्टा अंथरला होता, आईने तो तसाच राहू दिला.

सेक्रेटरीसाहेब, कळकळीची विनंती, 26 ला काढू नका. आमचा सण 25 ला सुरू होतो हो, संपत नाही! बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा सण 6 जानेवारीला. म्हणूनच राजे मी मुद्दाम लांब, लिफ्टजवळच्या स्टुलावर ठेवलेत. कोणी गोठ्यात नेऊन ठेवू नका. मुलांनी रोज थोडं थोडं पुढे सरकवायचं.

सी-103: अच्छा! माझा लेक सकाळी तेच विचारत होता, उंट इथे एकटा का. गोठ्याची पद्धत मुळात कुठली?

ए-301: इटलीतली. असिसीच्या संत फ्रान्सिसनी 1223 मध्ये ग्रेच्चो गावी खरा बैल आणि गाढव आणून गोठा मांडला होता.
लेकाला शनिवारी 4 वाजता पाठव, कुलकुल करायचेत, आमचा नाताळचा फराळ. मैदा, थोडा रवा, अंडं, नारळाचं दूध. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची आणि गुंडाळत आणायची, शिंपल्यासारख्या रेघा उठतात. मुलांची बोटं लहान, त्यांचेच सुबक होतात. येताना नवा कंगवा आण, काटे दोनच आहेत.

बी-402: मी पण येते. तुमच्या नेवऱ्या म्हणजे आमच्या करंज्याच ना? कातणं आणते.

ए-301: या ना काकू! सारण ओल्या नारळाचं करू का रव्याचं, तुम्हीच सांगा.

सेक्रेटरी: गोठा 6 जानेवारीपर्यंत राहील. लिफ्टजवळ झाडू मारताना राजांना धक्का लावू नकोस, असं वॉचमनला सांगितलंय.