माळ हातात असतानाच जास्त चिडचिड होते, कुणाला असं होतं का?

पुन्हा_नवशिकी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, आज धीर करून लिहितेय. मी साधारण तीन वर्षं रोज ११ माळा करते. सकाळी आंघोळ झाली की पूजा, ती पण पंचोपचार म्हणजे गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य एवढीच, मग जप, आणि संध्याकाळी गीतेचा बारावा अध्याय. नेम सहसा चुकत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा गर्वच होता.

तर मागच्या आठवड्यात काय झालं, माझी सातवी का आठवी माळ चालू होती आणि सासरे आले. त्यांना ऐकू कमी येतं आणि हल्ली विसरायलाही होतं. माझा चष्मा कुठाय म्हणाले. जपात बोलायचं नाही म्हणून मी डाव्या हाताने टेबलाकडे बोट केलं. ते गेले, परत आले, परत तेच. परत बोट. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी डोळे वटारून असं काही "हूंऽऽ हूंऽऽ" केलं की त्यापेक्षा दोन शब्द बोलले असते तर परवडलं असतं. म्हणजे बघा, उजवा हात गोमुखीत, म्हणजे जपाच्या पिशवीत, मणी सरकतायत, ओठांवर नाम आणि चेहरा हा असा! ते काही न बोलता आत गेले. चष्मा त्यांच्याच खिशात होता हे नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी गोमुखी जागेवर नाही. शोध शोध शोधली, शेवटी उशांच्या कपाटात सापडली, सहा वर्षांच्या लेकीने लपवली होती. का गं म्हटलं तर म्हणाली, तू ती पिशवी घातलीस की रागावतेस.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. तीन वर्षांत स्वभावात काडीचाही फरक पडला नसेल तर मी नक्की करतेय काय? जप बंद करून आधी स्वभाव सुधारायचा, की जप चालू ठेवायचा आणि स्वभाव आपोआप सुधारेल म्हणून वाट बघायची? अनुभव असेल त्यांनीच सांगा प्लीज, नुसतं "श्रद्धा ठेवा" नको.

अर्धवट_साधक

ताई, तुमची लेक तुमची गुरू आहे, तिला एक नमस्कार सांगा 😄

चेष्टा सोडा, पण मला हे अगदी असंच व्हायचं आणि कारण फार साधं निघालं, घड्याळ. मी मोबाईलवर काउंटर लावून जप करायचो. ऑफिसला निघायच्या आधी ११ माळा, एका माळेला १०८, म्हणजे ११८८ वेळा नाम, आणि ते ठरलेल्या वेळात बसवायचं, म्हणजे ते देवाचं नाम उरलंच नाही, टार्गेट झालं. मग मधे कुणीही आलं की तो माणूस माणूस वाटत नाही, अडथळा वाटतो. मी शेवटी पाचवर आलो. आता पाचच करतो पण मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मणी, आला की थांबतो. मेरू ओलांडत नाहीत, माळ उलटी फिरवून परत मागे येतात हे तुम्हाला माहीतच असेल, तर ती माळ फिरवायला जे दोन क्षण लागतात त्यात एक श्वास घेतो आणि बघतो की आत्ता जबडा आवळलेला आहे का. दहापैकी सहा वेळा असतो. नुसतं कळलं तरी सैल होतो. बाकी शास्त्रार्थ मला येत नाही.

जुना_खांब

संख्या कमी करा हा सल्ला मला अजिबात पटलेला नाही. नेम धरला की धरला. आज ११ च्या ५ होतील, पाहुणे आले की ३, आणि मग आसन घडी करून कपाटात. मन कटकट करणारच, त्याला कमी करून द्यायचं नाही. योगसूत्रात पहिल्याच पादात १४ वं सूत्र आहे, अभ्यास दृढ कधी होतो तर दीर्घकाळ आणि खंड न पाडता केला तर. तीन वर्षं हा काही दीर्घकाळ नाही हो, तीन वर्षांत कोयीपासून लावलेल्या आंब्याला मोहोर धरत नाही. चिडचिड झाली तर होऊ दे, घरच्यांना एकदा नीट सांगून ठेवा की या वेळात मला हाक मारू नका, विषय संपला. मी ३० वर्षं असंच करतोय.

शाईची_दौत

खांबकाका, रागावू नका, पण त्याच सूत्रात तिसरा शब्द पण आहे, तो तुम्ही गाळलात. दीर्घकाल, नैरंतर्य आणि *सत्कार*. म्हणजे आदराने केलेला अभ्यास. लोकांना पहिले दोन पाठ असतात कारण ते मोजता येतात. दात-ओठ खात पूर्ण केलेल्या अकरा माळांमध्ये सत्कार कुठे बसवायचा सांगा.

आणि ताई, तुम्ही विचारलंय ना जप आधी की स्वभाव आधी, मला वाटतं प्रश्नाची मांडणीच तुम्हाला अडकवतेय, कारण त्यात या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत असं गृहीत धरलंय. गीतेच्या सतराव्या अध्यायात तीन तपं सांगितलीत, शरीराचं, वाणीचं आणि मनाचं. त्यातलं वाणीचं तप १५ व्या श्लोकात आहे, तो काढून बघा. ऐकणाऱ्याला उद्वेग होणार नाही असं बोलणं, खरं, प्रिय आणि हिताचं बोलणं, आणि स्वाध्यायाचा अभ्यास. एकाच श्लोकाच्या दोन टोकांना. म्हणजे तुमचं पठण आणि सासऱ्यांना "खिशात बघा बाबा" म्हणणं हे एकाच खात्यावर जमा होतं, दोन पासबुकं नाहीयेत. मी हा श्लोक कित्येक वर्षं म्हणत होते आणि स्वाध्यायाचा तेवढा अर्धा उचलत होते, कारण तो सोपा आहे, त्यात समोर कुणी नसतं.

अजून एक. तुम्ही रोज बारावा वाचता, त्यात १५ वा श्लोक आहे ज्याच्यापासून लोकांना त्रास होत नाही आणि लोकांपासून ज्याला त्रास होत नाही तो मला प्रिय. आपण सगळे दुसरा भाग वाचून सुस्कारा सोडतो, की हो ना, लोकांचा काय ताप आहे. पहिला भाग आपल्यासाठी आहे हो! क्रमही तसाच ठेवलाय बघा, आधी आपल्यापासून लोकांना, मग लोकांपासून आपल्याला.

अर्धवट_साधक

@शाईची_दौत दोन पासबुकं 👌👌 हे मी ढापणार.

पाटपाणी

मी जरा वेगळं लिहिते, पटलं तर घ्या. मला स्वतःला दासबोधातल्या दुसऱ्या दशकाने झोपवलं होतं. पहिला समास मूर्खलक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खाचा. मी वाचायचे आणि प्रत्येक ओवीला घरातला एकेक जण बसवायचे. हे लक्षण दिरांचं, हे नणंदेचं, हे तर अगदी आमच्या ह्यांचं. मजा यायची अक्षरशः. एक दिवस पढतमूर्खाचा समास वाचताना असंच चाललं होतं आणि मधेच थंडगार पडले, की अगं तू काय करतेयस, जे वाचून दुसऱ्याचं माप काढतो तोच ना हा. पुस्तक मिटलं आणि दोन दिवस उघडलं नाही.

तर माझं म्हणणं एवढंच की तुम्हाला जे दिसलं ना, तो चेहरा, ते हूं हूं, ते तीन वर्षांपूर्वीही असणारच. तेव्हा दिसत नव्हतं. जप न करणारी माणसं दिवसातून वीस वेळा असं करतात आणि एक जण फोरमवर येऊन लिहीत नाही. फरक पडला नाही असं कसं म्हणता?

पण हेही खरं की दिसलं म्हणून संपलं असं नाही. मी अजूनही नणंदेला बसवतेच, फक्त आता पकडली जाते.

जुना_खांब

दौतबाई, सत्कार शब्दाबद्दल मान्य. मी गाळला नव्हता, सोयीने विसरलो होतो म्हणा. पण मग भागवतातलंही बघा, तिसऱ्या स्कंधात कपिलमुनी आईला सांगतात ते. सर्व भूतांत, म्हणजे प्राणिमात्रांत, असलेल्या मला सोडून जो नुसती मूर्ती पुजतो तो राखेत आहुती देतो. हे वाक्य लोक हल्ली फार फेकतात, पूजा कशाला, माणसात देव बघा वगैरे. तिथेच दोन-तीन श्लोक खाली काय आहे ते कुणी वाचत नाही. आपल्या हृदयात आणि सगळ्या भूतांत तो आहे हे कळेपर्यंत मूर्तीची पूजा करत राहावी, आपलं कर्म करत. करत राहावी! सोडा असं कुठेही नाही. आज "आधी स्वभाव सुधारतो मग जपाला बसतो" म्हणणारा उद्या दोन्ही करत नाही, ही माझी काळजी आहे, हट्ट नाही.

(आणि घरच्यांना हाक मारू नका सांगा हे मी म्हटलं खरं. आमच्या घरी आता हाक मारणारं कुणी राहिलेलं नाही, त्यामुळे माझी ३० वर्षं तशी सोपी गेली. हे आधी लिहायला हवं होतं.)

शाईची_दौत

काका 🙏 तुमचं सोडू नका मला शंभर टक्के मान्य आहे.

नवा_कोरा

मधेच विचारतो सॉरी, तुळशीची माळ चांगली की रुद्राक्षाची? आणि तर्जनी लावायची नाही म्हणतात ते खरंय का?

अर्धवट_साधक

@नवा_कोरा वैष्णव तुळशीची घेतात, शिवभक्त रुद्राक्षाची. मध्यमा आणि अंगठा वापरतात, तर्जनी बाहेर, गोमुखीला त्यासाठीच तर वेगळं भोक असतं. पण वेगळा धागा काढा राव, इथे ताईंचं चाललंय.

कोपऱ्यातला

एक प्रॅक्टिकल गोष्ट कुणीच बोललं नाही. जप तीन प्रकारचा असतो, वाचिक म्हणजे मोठ्याने, उपांशु म्हणजे ओठ हलतात पण शेजारच्याला ऐकू येत नाही, आणि मानस. मानस सगळ्यात वरचा म्हणतात म्हणून सगळे पहिल्या दिवसापासून तोच धरतात आणि मग आत नाम कमी आणि बाजारहाट जास्त. ताई उपांशु करत असणार, ओठांवर नाम म्हणाल्यात म्हणून. मी म्हणेन घरात माणसं जागी असताना एक-दोन माळा सरळ मोठ्याने करून बघा, आवाज असला की चिडचिड लपत नाही, आपलाच सूर आपल्याला ऐकू येतो. रागात नाम कसं बाहेर पडतं ते एकदा ऐकलंत की पुढे फार बोलावं लागत नाही. मला माझाच आवाज ऐकून हसू आलं होतं, देवावर खेकसत होतो.

आणि मधे कुणी आलंच तर उठायचं की नाही याचा निर्णय आसनावर बसल्यावर घेऊ नका, आदल्या रात्री घ्या. तेव्हा डोकं शांत असतं. मी ठरवलंय की आई आली तर उठायचं, फोन आला तर नाही. बस्स. दर वेळी नव्याने ठरवायला लागलं की तिथेच राग येतो.

पुन्हा_नवशिकी

सगळ्यांचे खूप आभार, इतकं येईल वाटलं नव्हतं. दहा-बारा दिवस झाले म्हणून अपडेट देते.

काकांचं ऐकून ११ ठेवल्यात, कमी केल्या नाहीत, पण चार सकाळी, बाकीच्या रात्री सगळे झोपल्यावर. कोपऱ्यातल्या दादांचं ऐकून सासरे आले तर उठायचं हे आदल्या रात्रीच ठरवलं. दौतताई, सतराव्यातला १५ वा श्लोक लिहून देवघरात लावला होता, पण दोन दिवसांनी तो दिसेनासाच झाला, म्हणजे आहे तिथेच, पण नजर सरावली. म्हणून आता काढून टेबलावर चष्म्याच्या घरात ठेवलाय 😀

पहिले तीन-चार दिवस सासरे आलेच नाहीत. मी बसले की ते खोलीतून बाहेरच यायचे नाहीत, आणि ते मला जास्त लागलं. मग मीच एकदा बसायच्या आधी जाऊन म्हटलं, बाबा, काही लागलं तर या हं, मी काही म्हणणार नाही. ते म्हणाले, तुझं देवाचं चालू असतं ना. बाकी काही बोलले नाहीत.

रागावणं बंद झालंय असं अजिबात नाही. परवाच दूध उतू गेलं तर अख्ख्या घराने ऐकलं. लेक गोमुखीकडे बघतच उभी होती, मी म्हटलं अगं आत्ता हातात नाहीये ती.

पण आज सकाळी मणी ओढताना सासरे आले, चष्मा. मी माळ आसनावर ठेवली, उठले, या वेळी चष्मा खरंच टेबलाखाली पडला होता, पुसून दिला, ते तिथेच खुर्चीवर पेपर घेऊन बसले. मी परत आले तर तिसरी चालू होती की चौथी तेच आठवेना. काय धरायचं अशा वेळी? मी तिसरी धरली.

अर्धवट_साधक

चौथी धरा हो, चष्म्याची एक माळ होतेच.

जुना_खांब

तिसरीच.