एफटीआयआरचा एक्सपी संगणक: काढायचा की जपायचा?

उपकरण_कक्ष: आमच्या महाविद्यालयातल्या एफटीआयआरचा (अवरक्त किरणांनी नमुन्यातले पदार्थ ओळखणाऱ्या यंत्राचा) संगणक विंडोज एक्सपीवर चालतो. आयटी विभागाचे पत्र आलेय: एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ला संपला, संगणक निर्लेखित करा, म्हणजे नोंदीतून कमी करून काढून टाका. पण यंत्र ठणठणीत आहे. तपासणीसाठीची पॉलिस्टायरीनची फिल्म लावली की आलेखात १६०१चा पीक आजही जागच्या जागी येतो. संगणकातले यंत्राचे कार्ड जुन्या पीसीआय स्लॉटमधले, ते चालवणारा ड्रायव्हर ३२ बिटांचा. नव्या, ६४ बिटांच्या विंडोजवर तो चढत नाही. म्हणजे संगणक काढला की यंत्रही अडगळीत. एमएस्सीच्या मुलांनी नमुने कुठे न्यायचे? माझे मत: नेटवर्कची वायर काढा, संगणकाला हात लावू नका.

सर्व्हररूम: सर, मग स्पेक्ट्रा (यंत्राने काढलेले आलेख) बाहेर कशाने नेणार? पेन ड्राइव्हनेच ना? २०१०मध्ये सापडलेला स्टक्सनेट हा घातक प्रोग्राम पेन ड्राइव्हवरूनही पसरायचा. एवढ्या लांब कशाला, मी आधी जिथे होतो तिथे एका पेन ड्राइव्हमुळे जीसीच्या (गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्राच्या) संगणकावरची सगळी फोल्डर शॉर्टकट होऊन बसली. एका मुलाचा प्रबंध महिन्यावर आला होता. डेटा नुसता लपला होता, म्हणून वाचलो. वायर काढली की माणसे निर्धास्त होतात, मला त्याचीच जास्त भीती वाटते.

क्यूसीतली: 'काढा' म्हणणे सोपे आहे. आमच्या औषध कंपनीत एचपीएलसीच्या (औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) संगणकाची विंडोज बदलायची तर चेंज कंट्रोल (बदलाची लेखी मंजुरी), मग पुन्हा व्हॅलिडेशन (यंत्र नीट चालते याची कागदोपत्री तपासणी). तोवर ते यंत्र बंद. शिवाय १२ मे २०१७ला वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने ब्रिटनमधली रुग्णालये ठप्प केली, तेव्हा सगळे एक्सपीवर घसरले. प्रत्यक्षात बाधित संगणक बहुतेक विंडोज ७चे होते. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, ती बसवलीच नव्हती. तरी सर, तुमच्याशीही मी पूर्ण सहमत नाही. सगळे एकाच अ‍ॅडमिन पासवर्डने आत शिरत असतील, तर कुणी कोणता रन (यंत्रावरची मोजणी) पुसला हे कळणार कसे? ऑडिट ट्रेल (कुणी केव्हा काय बदलले याची नोंद) नसलेल्या आकड्यावर मी सही करणार नाही.

सर्व्हररूम: मॅडम, विंडोज ७चाही सपोर्ट १४ जानेवारी २०२०ला संपला. आणि एक्सपीला नेटवर्कवर फाइल शेअरिंगसाठी एसएमबी १ ही जुनी पद्धतच येते, वॉनाक्राय त्याच वाटेने शिरायचा. संगणक ठेवायचाच असेल तर मधे दोन नेटवर्क कार्डांचा लिनक्स संगणक ठेवा. एक्सपी फक्त त्याच्याशी बोलेल, पेन ड्राइव्ह पूर्ण बंद. यापेक्षा कमी मला पटणार नाही.

यंत्रदुरुस्ती: तुम्ही दोघे व्हायरसवर भांडताय, पण त्याच्या आधी हार्ड डिस्क जाते. क्लोनझिला या प्रोग्रामने डिस्कची इमेज (हुबेहूब नक्कल) घ्या, दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि तिच्यावर यंत्र सुरू होते का ते पाहा. न तपासलेल्या इमेजवर विसंबू नका. पीसीआय स्लॉटचा एक जुना मदरबोर्डही आत्ताच मिळवून ठेवा.

उपकरण_कक्ष: आमच्याकडे इमेज नाही, हे लिहिताना वाईट वाटते. इन्स्टॉलेशनची सीडी एकच, तीही ओरखडलेली. शनिवारी प्रात्यक्षिके नसतात, तेव्हा इमेज घेतो. मधल्या लिनक्स संगणकाचे मला पटले, प्राचार्यांकडे मागणी टाकतो. निर्लेखनाच्या कागदावर मात्र सही करणार नाही. यंत्रदुरुस्ती, आमची डिस्क आयडीईची (जुन्या जोडणीची) आहे. कन्व्हर्टर लावून साटाची (नंतर आलेल्या जोडणीची) डिस्क चालेल का?