मॉरिस मायनर घ्यावी का? इंग्लंडमधल्या मंडळींना प्रश्न

लेस्टरचा_नवा:
आमच्या गल्लीतले एक आजोबा त्यांची 1967 ची मॉरिस मायनर विकताहेत. चार दारांची, 1098 सीसी. मी आयटीवाला, पाना कधी हातात धरलेला नाही. बायको विचारते, "एसी नाही, एअरबॅग नाही, मग हौस कसली?" मला उत्तर देता येईना. लोकांना या गाडीत एवढं काय दिसतं? आणि घेताना काय बघू?

ग्रीसगन_कॉव्हेंट्री:
आधी बघायचं काय ते सांगतो, प्रेमाचं नंतर. इंजिनाची फार काळजी नको. ए-सिरीज नावाचं इंजिन आहे, मिनी गाडीचं तेच कुळ, सुटे भाग आजही मिळतात. पैसे खातो तो गंजलेला पत्रा. मॅट उचला, टॉर्च घेऊन गाडीखाली शिरा. दारांखालचे सिल, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगचे हँगर आणि मधला आडवा क्रॉसमेंबर बघा. पुढचे टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणाऱ्या पिळदार सळ्या, त्यालाच अडकवलेले असतात. खालून ताजा काळा रंग जाड फासलेला असेल तर संशय घ्या. मग पुढच्या चाकांचे ट्रनियन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ते आट्यांचे सांधे. वेळेवर ग्रीस नाही मिळालं की आटे झिजतात आणि एक दिवस चाक फेंगडं होऊन गाडी तिथेच बसते.

ही गाडी रेखाटणारे अ‍ॅलेक इसिगोनिस थोर माणूस, पण ब्रेकचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चॅसीत दडवल्याबद्दल त्यांना माफी नाही.

आता वहिनींचा प्रश्न. 1948 ला ही गाडी लंडनच्या अर्ल्स कोर्टला लोकांपुढे आली. त्याआधी ऐनवेळी इसिगोनिसना ती अरुंद वाटली, म्हणून नमुना मधोमध उभा कापून 4 इंच रुंद केला. बॉनेटवरची मधली सपाट पट्टी ती हीच. माणसाचं मत बदललं ते पत्र्यावर दिसतं! चावी फिरवली की पेट्रोलचा एसयू पंप टिकटिकतो, टिकटिक मंदावली की समजायचं कार्ब्युरेटर भरला. काय चाललंय ते गाडीच सांगते, लॅपटॉप जोडावा लागत नाही. मला एवढं पुरतं.

एमजीबीवाली:
काका, ब्रेकचं बोला की! चारही चाकांना ड्रम, पहिल्या गियरला सिंक्रो नाही, म्हणजे गाडी चालती असताना तो सहज पडत नाही. मोटरवेवर लॉऱ्या मागे चिकटतात. आमच्या 1972 च्या एमजीबी जीटी या स्पोर्ट्स गाडीला पुढे डिस्क ब्रेक आहेत, आणि पार सडली तरी इथल्या विटनी गावात मूळ साच्यांवर अख्खी नवी बॉडी बनवून मिळते. मात्र मायनर दिसली की लोक हसून हात करतात. आम्हाला कुणी करत नाही.

सोलापूर_ते_स्लाव:
मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज 3 इथे 1959 ला बंद झाली. आपण तिचीच अँबॅसडर केली आणि 2014 पर्यंत बनवली. इथले लोक जिला रविवारी पुसून ठेवतात, तिच्यात आम्ही नऊ जण आणि आंब्याच्या पेट्या कोंबून गाणगापूरला जायचो.

लेस्टरचा_नवा:
शनिवारी टॉर्च घेऊन जातो. टॅक्सचं कसं?

ग्रीसगन_कॉव्हेंट्री:
40 वर्षांवरची गाडी हिस्टॉरिक म्हणून नोंदवली की रोड टॅक्स शून्य. मोठे फेरफार केलेले नसतील तर एमओटीचीही (गाडीच्या वार्षिक तपासणीची) सक्ती नाही, तरी दरवर्षी करून घ्याच. पेट्रोल ई5 (कमी इथेनॉलचं) भरा, जास्त इथेनॉलच्या ई10 नं जुन्या रबरी नळ्या खराब होतात. आणि आजोबांना आधीच सांगून ठेवा, मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गार गाडी कशी सुरू होते ते बघायचंय.