मक्यात जांभळ्या फुलांचा टारफुला: केनियातल्या शेजारीणबाईंना काय सांगू?

ऊसपट्टेकर:
नमस्कार मंडळी. मी मूळचा वाळवा तालुक्यातला. सध्या केनियात किसुमूजवळ साखर कारखान्यात ऊस विकासचं काम बघतो. क्वार्टरमागे एका लुओ जमातीच्या बाईंची दीडेक एकराची शांबा आहे, म्हणजे शेत. मार्चच्या पावसावर मका करतात. मका गुडघ्याला लागला की पिवळा पडतो, वाफसा असूनही माना टाकतो आणि बुडाशी जांभळट गुलाबी फुलांचं तण उभं राहतं. एक झाड उकरून बघितलं तर त्याची मुळं मक्याच्या मुळांना चिकटलेली. आपल्या शाळूत येतो तो टारफुला पांढऱ्या फुलांचा आणि बुटका, हा चांगला उंच. त्या याला 'कायोंगो' म्हणतात. वर लष्करी अळी आहेच. त्यांना कुणीतरी 'पुश-पुल' करा म्हणालंय आणि मी शेतीवाला मुहिंदी, म्हणजे भारतीय, म्हणून विचारतात मला! मला ऊस कळतो, हे नाही. हायब्रीड बी आणि युरियावर भागेल का?

राहुरीकर:
टारफुलाच आहे दादा. स्ट्रायगा हर्मोंथिका, आपल्याकडच्याचा आफ्रिकेतला थोरला भाऊ. एका झाडाला हजारोंनी बी धरतं आणि ते जमिनीत दहा-दहा वर्षं जिवंत राहतं. फुलायच्या आत उपटायला सांगा. आपण उसात मारतो तसं 2,4-डी तणनाशक मारून बघा. आणि बाई ज्वारी करत असतील तर प्रतिकारक वाण शोधा. इथिओपियाचे गेबिसा एजेटा यांना 2009 चा वर्ल्ड फूड प्राइझ याच कामासाठी मिळाला. त्यांच्या ज्वारीची मुळं टारफुल्याला जागं करणारा रस फार कमी सोडतात.

सियायाची काकू:
राहुरीकर, बियांचं अगदी खरं. पण 2,4-डी तिथं नको. मक्याच्या पोटात घेवडा नाहीतर चवळी असते, पहिलं तेच जाईल. आणि टारफुला जमिनीवर दिसतो तोवर त्यानं मक्याचं बरंचसं शोषून झालेलं असतं. उपटायचा तो पुढच्या वर्षीचं बी पडू नये म्हणून, यंदाचा मका त्यानं वाचत नाही.

मी केनियातल्याच सियायात दूध संकलनाचं काम केलंय, त्यामुळे पुश-पुल बघितलं ते गोठ्याच्या बाजूनं. पद्धत व्हिक्टोरिया सरोवराकाठी एंबिटाला तयार झाली. तिथं इसिपे ही कीटकसंशोधन संस्था आहे, काम आपल्या झियाउर खान यांचं आणि इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्राचं. मक्याच्या दोन ओळींत डेस्मोडियम हा द्विदल चारा किडीला ढकलायला (पुश), शेताच्या कडेनं नेपिअर गवत तिला ओढायला (पुल). खोडकिड्याचा पतंग नेपिअरवर अंडी घालतो, अळी आत शिरायला गेली की गवताचा चीक तिला गुंतवतो. टारफुल्याची गंमत वेगळी. डेस्मोडियमची मुळं त्याचं बी रुजवतात आणि त्याच मुळांतलं दुसरं द्रव्य त्याला मक्याच्या मुळाला धरू देत नाही. रुजलेलं बी उपाशी मरतं. जमिनीतला साठा असा हंगामागून हंगाम खाली येतो. युरिया यातलं काही करत नाही. टारफुल्याच्या रानात हेक्टरी टनभर येणारा मका साडेतीन टनांवर गेला, असे इसिपेचे आकडे आहेत.

आता अडचण. पहिल्या हंगामात डेस्मोडियम इतकं मरतुकडं दिसतं की खुरपायला आलेला माणूस तण म्हणून तेच जेंब्यानं, म्हणजे तिकडच्या कुदळीनं, काढून टाकतो. ओळीला दोरी बांधून ठेवायला सांगा. बी महाग. आणि माझं स्पष्ट मत, दारात जनावर नसेल तर हे टिकत नाही. टारफुला कमी व्हायला दोन-तीन हंगाम जातात, तोवर घरात काय येतं? दूध! ज्या घरी गाय होती तिथं बाया डेस्मोडियमला हात लावू देत नसत, मका कसा का येईना. गाय नसलेल्यांनी पुढच्या वर्षी नांगर घातला.

पन्हाळ्याचा गडी:
म्हणजे भुईमुगाच्या बांधाला एरंडी लावतो तसं सापळा पीकच की हो हे. यात नवीन ते काय?

सियायाची काकू:
नेपिअरपुरतं तसंच. पण तुमची एरंडी टारफुल्याला हात लावते का? आणि लष्करी अळीवरही डेस्मोडियमचा उपयोग दिसलाय. ती अळी आफ्रिकेत 2016 ला आली, आपल्याकडे 2018 ला. वासानं पतंग पळतो असं आधी म्हणत, आता त्यावर वाद आहे. अलीकडच्या एका अभ्यासात पानावरच्या आकडेदार केसांत अळ्याच अडकून मरताना दिसल्या. ते पान साडीला लागलं की सोलून काढावं लागतं, तेव्हा मला पटलं.

ऊसपट्टेकर:
काकू, बाईंकडे गाय नाही, दोन शेळ्या आहेत. दुकानदार 'उआ कायोंगो' नावाचं औषध लावलेलं मक्याचं बी दाखवतोय.

सियायाची काकू:
ते चालतं. टारफुला चिकटायला आला की बियावरचं तणनाशक त्याला मारतं. पण ते बी टाकलेल्या हातानं घेवडा पेरायचा नाही, घेवडा उगवत नाही. आधी मका पेरून संपवा, हात साबणानं धुवा, मग घेवडा. हेच बाया विसरतात आणि बियाला शिव्या देतात.

शेळ्या डेस्मोडियम आवडीनं खातात. सगळ्या दीड एकरात नको, टारफुला सर्वांत दाट आहे तेवढाच तुकडा धरा. बी विकत घेऊ नका, ज्याच्याकडे जुनं रान आहे त्याच्याकडून वेलाचे तुकडे आणा, डोळे मातीत जातील असे लावा. घेवडा मक्याच्याच ओळीत बसतो. कडेला नेपिअर घ्यायच्या आधी आसपासचं बघा. पानं पिवळी, ठोंब खुजं असेल तर तो खुजा रोग, ठोंब आणलं की रोगही येतो. तसं असेल तर ब्राकिआरिया गवत लावा.

ऊसपट्टेकर:
ऑक्टोबरच्या पावसाला तुकडा धरतो. वेलाचं बघायला रविवारी वीहिगाकडे जाऊन येतो, बाईंची बहीण तिकडेच असते.